आकड्याआधी कंपनीचं नाव

नाशिक,
१८ फेब्रुवारी २००८

प्रिय वाल्मीक,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. तशी वेळच आली नाही. एकवीस वर्षं तू रोज सकाळी नऊला सातपूरच्या गॅरेजचं शटर वर करायचास आणि त्या आवाजावर मी वरच्या मजल्यावर पोळ्यांचा तवा ठेवायचे. आज सकाळपासून चौथ्यांदा हे पत्र लिहायला बसले आहे. दोन ओळी झाल्या की उठते, पाणी पिते, गॅलरीत जाऊन खाली बघून येते. वाळत घातलेले कपडे दोनदा आत आणले आणि दोनदा परत बाहेर घातले. तू समोर असतास तर म्हणाला असतास, वहिनी, जरा बूड टेकवा.

गुरुवारी तुझी धोंडाबाई सुरगाण्याहून येऊन गेली. तिनं तुला सांगितलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. नसेल सांगितलं तर तिच्यावर रागावू नकोस. नागलीचे पापड घेऊन आली होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि चहा निवेपर्यंत नुसती पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "वहिनी, हे गाडीला हात लावत नाय. जीप बंद पडली की माणसं दाराशी येतेत, तर हे मागल्या अंगानं शेतावर निघून जातेत. म्हणतेत, माझ्या डोक्याचा भरवसा नाय, मी वाचतो एक नि करतो एक. आणखी कुणाचा हात जाळायचा नाय मला." आणि तिनंच सांगितलं की येत्या रविवारी तुझा मेहुणा काळू तुझी हत्यारांची पेटी वापीला घेऊन जाणार आहे, कायमची. ती पेटी! यांनी, माझ्या मिस्टरांनी, मागितली तरी तू आतला एकही पाना दुसऱ्याच्या हातात देत नव्हतास. जाताना धोंडाबाई दारात वळून म्हणाली, "तुम्ही सांगून बघा वहिनी. तुमचं ऐकतेत." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तू माझं ऐकलंस म्हणूनच तर हे सगळं झालं, आणि हे तिला माहीत नाही. तुलाही पुरतं माहीत नाही.

तुला ती पहिली दिव्याची गाडी आठवते का? सत्त्याण्णवचा उन्हाळा असेल. तोवर आपल्याकडे येणाऱ्या गाड्या कार्बोरेटरच्या, कान लावला की दुखणं सांगणाऱ्या. ही नवी कोरी, आत कॉम्प्युटर असलेली, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. हे कुठून तरी ऐकून आले होते, की अमुक दोन भोकांत तारेचा तुकडा घातला की तो दिवा उघडझाप करतो आणि त्या उघडझापीत दुखण्याचा आकडा असतो. तू तार घातलीस, दिवा लुकलुकायला लागला आणि हे सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं ओरडले, "वाल्म्या, बघ रे, गाडी वहिनीला डोळा मारतेय!" तू लाजून बोनेटमागे गेलास. मग तू आतून मोजत होतास, तीन लांब, दोन आखूड, आणि मी जुन्या पावतीच्या पाठीवर लिहीत होते. माहितीचं पुस्तक इंग्रजीत. गॅरेजमध्ये ते कुणालाच वाचता येईना. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये दहा वर्षं शिकलेल्या माझ्या इंग्रजीचा लग्नानंतर औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचण्यापलीकडे काही उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, वहिनी, तुम्ही वाचा ना.

मग आठवड्यातल्या तीन दुपारी मी खाली यायचे. जुन्या जीपचं काढून ठेवलेलं सीट म्हणजे आपली शाळा. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, हे चुका काढायचे आणि तू नावं ठेवायचास. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तू 'धुराची गाळणी' म्हणालास आणि मी वहीत तेच लिहिलं. जळालेल्या धुरातला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा जो व्हॉल्व्ह असतो, तो तुझ्यासाठी 'उलट्या धुराचा व्हॉल'. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती साठवणारा 'कोळशाचा डबा'. पुस्तकवाल्यांनासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. आणि प्रत्येक पानावर हे लाल पेन्सिलीनं कंपनीचं नाव लिहायचे. आपण कुठलाही आकडा विचारला की आधी म्हणायचे, "कंपनी कुठली?" मला ते फार कंटाळवाणं वाटायचं. चहात किती साखर असं विचारलं तरी हे कंपनी विचारतील, असं मी एकदा म्हणाले होते आणि तू ठसका लागेपर्यंत हसलास.

इकडे आता पुष्कळ बदललं आहे. गॅरेजसमोरचा रस्ता रुंद झाला, संतोषची चहाची टपरी गेली, तो आता पाथर्डी फाट्यावर असतो. माझ्या ललितनं शेड वाढवली, काचेचं ऑफिस केलं. तुझ्या जागी दत्तू नावाचा सिन्नरचा मेकॅनिक आहे. बरा आहे, पण गाडी सुरू करून दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं असतं हे त्याला कोण सांगणार. मला गुडघ्यांनी जिना जड जातो. तरी उतरते. पण हे काय लिहीत बसले आहे मी. पुन्हा उठले होते मघाशी. गॅस बंद आहे का बघायला. बंदच होता.

हे गेले आणि वर्षभरात ललितनं मुंबईहून आकडे दाखवणारं ते हातातलं यंत्र आणलं, हे तुझ्यासमोरचंच. दिवा मोजायची कटकट संपली. पण त्या यंत्राची एक गंमत होती. पी अक्षराच्या पुढे शून्य असलं की ते पूर्ण वाक्य दाखवायचं, अमुक भाग बिघडला म्हणून. पुढे एक असला की नुसता आकडा आणि खाली इंग्रजीत, हा कंपनीचा स्वतःचा कोड आहे, कंपनीचं पुस्तक बघा. अशा वेळी तू हाक मारायचास, "वहिनी, एकवाला हाय, वही आणा!" आणि मी वही घेऊन उतरले की सगळे बाजूला होऊन मला वाट द्यायचे. हे मला किती आवडायचं, ते मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नसतं.

त्या वहीची पानं सुटली होती, ऑइलनं अक्षरं फुगली होती. दोन हजार पाचच्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत ती तशी ठेवायची मला लाज वाटली. म्हणून मी नवी वही केली. शाळेत ग्रंथालयाची कार्डं लावायचं काम आम्हां मुलींकडे असायचं, आणि एक कार्ड जरी क्रम सोडून सापडलं तरी सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. ते माझ्या हाडांत मुरलं आहे. मी सगळे आकडे चढत्या क्रमानं लावले, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, पट्टीनं रेघा मारून. लाल पेन्सिलीची नावं मधे मधे आली की क्रम तुटत होता आणि पान घाणेरडं दिसत होतं, म्हणून ती गाळली. तोच आकडा दोनदा आला तर मला वाटलं, आपणच कधीतरी परत उतरवला असेल. ज्यात जास्त माहिती ती ओळ ठेवली, दुसरी कच्च्या कागदावरच खोडली. असे सहा आकडे होते. पूजेच्या वेळी तू नव्या वहीवर झेंडू ठेवलास आणि म्हणालास, "आता ही आपली पोथी." जुनी वही मी दुसऱ्या दिवशी बंबात घातली.

आणि दिवाळीनंतर गंगापूर रोडच्या त्या प्राध्यापकांची गाडी आली. पिवळा दिवा, आणि यंत्रावर पी, एक, चार, चार, तीन. मी वही उघडली. उलट्या धुराचा व्हॉल्व्ह अडकला आहे, बदला. तू बोनेटमध्ये वाकून बराच वेळ उभा होतास. मग म्हणालास, "वहिनी, हे व्हॉलचं काम नाय वाटत. मला पेट्रोलचा वास येतोय." मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला तर शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणाले, "अरे, गॅरेजमध्ये पेट्रोलचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार? पुस्तकात लिहिलंय ते खोटं का?" सगळे हसले. तूही हसलास आणि व्हॉल्व्ह बदललास. यंत्रानं आकडा पुसला, दिवा विझला, गाडी गेली. दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं, हे आपल्याला तेव्हा कळायला हवं होतं. आकडा पुसला की दिवा तात्पुरता विझतोच. चौथ्या दिवशी कसारा घाटात त्यांना धूर दिसला, त्यांनी बोनेट उचललं आणि आतून भडका आला. कोळशाच्या डब्याकडून येणारी वाफेची नळी चिरली होती. तुझ्या नाकाला कळलं होतं, वाल्मीक. ते अगदी बरोबर होतं.

त्यानंतरचा शनिवार मी कितीदा मनात परत चालवला असेल. प्राध्यापकांचा हात कोपरापर्यंत बांधलेला, बरोबर त्यांचे भाऊ, गाड्या घ्यायला आलेली गिऱ्हाइकं, संतोष किटली घेऊन उभा. ते ओरडत होते, "बोर्डावर कॉम्प्युटराइज्ड लिहिता आणि गाड्या अडाण्याच्या हातात देता!" ललितला मालक होऊन दीड-दोन वर्षंच झाली होती, तो घाबरला. म्हणाला, वहीत सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यानं नीट वाचलं नसेल. तू एवढंच म्हणालास, "वहीत होतं तसंच केलं." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी विचारलं, "वाल्मीक, घाईत तुझी ओळ चुकली का रे?" माझा आवाज किती मऊ होता! लहान मुलाला विचारावं तसा. तू माझ्याकडे पाहिलंस, कापसाच्या बोळ्यानं एक एक बोट पुसलंस आणि म्हणालास, "चुकली असंल, वहिनी." सोमवारी शटर ललितनं उघडलं.

तुझी ओळ चुकली नव्हती. तू अगदी बरोबर ओळ वाचली होतीस. ती ओळच त्या गाडीची नव्हती. हे नीट सांगते, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको. गेल्या दिवाळीत ललितनं लॅपटॉप आणला, त्यात आकड्यांचा अर्थ सांगणारा प्रोग्राम आहे. दत्तूला मराठीत सांगायला मी बसले. तो प्रोग्राम आकडा घ्यायच्या आधी कंपनीचं नाव मागतो. दिल्याशिवाय पुढे जातच नाही. मी तो आकडा एका कंपनीखाली घातला, तर उलट्या धुराचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या कंपनीखाली घातला, तर कोळशाच्या डब्याची वाफेची नळी. तेव्हा नीट वाचून काढलं. पी म्हणजे इंजिनाचं खातं. पुढे शून्य असेल तर तो आकडा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेला, कुठल्याही गाडीत अर्थ एकच. पुढे एक असेल तर प्रत्येक कंपनीनं आपापल्या घरात ठेवलेलं नाव. दोन घरांत बाळू असावेत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसावा, तसं. त्याच्या पुढचा चार म्हणजे बहुतेक वेळा धूर आणि वाफ, म्हणजे हवा घाण होऊ नये म्हणून बसवलेल्या वस्तू. म्हणून दोन्ही अर्थ एकमेकांचे शेजारी वाटतात आणि चुकीचा असला तरी पटतो. हे कंपनी विचारायचे ते याचसाठी. आणि मी ती नावं पान स्वच्छ दिसावं म्हणून काढून टाकली.

इथं थांबले असते तर पत्र सोपं झालं असतं. काल ललितलाही मी आधी एवढंच सांगितलं, की दिवाळीत कळलं. पण ते पूर्ण खरं नाही, आणि तुला अर्धवट सांगायचं असेल तर कागद खराब करण्यात अर्थ नाही. "वहीत होतं तसंच केलं" असं तू म्हणालास ना, त्याच क्षणी मला ती खोडलेली ओळ दिसली होती. तोच आकडा, त्यापुढे 'कोळशाचा डबा' आणि त्यावरून गेलेली माझी रेघ. का खोडली ते तेव्हा आठवलं नाही, पण खोडली हे आठवलं. काहीतरी माझ्या हातून झालं आहे हे मला कळलं होतं, आणि तरीही मी तुला तो प्रश्न विचारला. तू गेल्यावर एका तासाचं काम होतं, कपाटात ठेवलेल्या कंपन्यांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती बाहेर घेऊन ताडून बघायचं. मी ती वही ट्रंकेत टाकली आणि वर रजया ठेवल्या. यांच्या मागे त्या गॅरेजमध्ये माझी म्हणून एकच गोष्ट उरली होती, ती वही. ती चुकीची ठरली तर मी नुसती वरच्या मजल्यावरची म्हातारी. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

काल शेवटी ललितला सगळं सांगितलं. आधी म्हणाला, "आई, दोन वर्षांनी हे कशाला उकरतेस?" मग खाली काचेच्या ऑफिसात निघून गेला. संध्याकाळी वर आला आणि जेवला नाही. म्हणाला, "वाल्मीककाकांना मी हाकललं नव्हतं, पण थांबही म्हणालो नाही." आज सकाळी हे पत्र अर्धवट ठेवून मी एकटी रिक्षानं प्राध्यापकांकडे गेले. त्यांची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत, खडू डाव्या हातात धरतात. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन वर्षं लागली तुम्हाला?" चहा विचारला, मी नको म्हणाले. दारापर्यंत आले आणि म्हणाले, वास त्याला आला होता, हे मला त्या दिवशी कुणी का सांगितलं नाही.

आता हे पत्र लिहिण्याचं कारण. ते मी सकाळपासून टाळते आहे. रविवारी पहिल्या एसटीनं मी सुरगाण्याला येते आहे, ललितही बरोबर येतो म्हणतो. काळू यायच्या आत पोचेन. तुला घरात बोलावून कानात सांगायला येत नाही. दोष मी तुला चार लोकांत दिला, तर तो तुझ्या जीपस्टँडवर, तुझ्या गावच्या माणसांसमोरच परत घेतला पाहिजे. हे सगळं मी तोंडानंही सांगू शकते, पण मला तुझी भीती वाटते, वाल्मीक. मी तुला ओळखते. मी तोंड उघडलं की तू पुढे येशील, माझ्या हातातली पिशवी घेशील आणि म्हणशील, "जाऊ द्या वहिनी, झालं ते झालं, चहा घ्या." आणि मी जाऊ देईन. मला ते फार सोपं जाईल. म्हणून हे आधी लिहून पेठ नाक्यावरच्या जीपवाल्याच्या हाती पाठवते आहे, म्हणजे तुझ्याकडे पाच-सहा दिवस राहतील. राग येऊ दे, येईल तेवढा. पेटी ठेवायची की द्यायची ते तू ठरव, त्यात मी बोलणार नाही. माझं मागणं एकच आहे. रविवारी मी उभी राहून बोलायला लागले, अडखळले, रडले, तरी मला सोडवायला पुढे येऊ नकोस. माझं शेवटपर्यंत बोलून होऊ दे.

तुझीच,
हेमलतावहिनी